मोबिलिटी स्कूटरला लायसन्स लागत नाही. मग ती चालवता येते हे ठरवायचे कोणी?

आपण विचारले आहे ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर ती लगेच लक्षात येईल. आपले वडील ७४ वर्षांचे असून आपल्यासोबत इंग्लंडमध्ये राहतात. चौदा महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला, त्यातून ते बरेच सावरले, पण डावा हात अजून कमजोर आहे आणि काठी घेऊन शंभर-सव्वाशे पावलांपलीकडे त्यांना चालवत नाही. मोटार चालवणे त्यांनी स्वतःहून सोडले. आता वाचनालय, दुकाने आणि दोन किलोमीटरवरचे मित्राचे घर एवढ्यासाठी त्यांना मोबिलिटी स्कूटर, म्हणजे चालणे अवघड असलेल्यांसाठीची बसून चालवायची विजेवरची छोटी गाडी, घ्यायची आहे. विक्रेत्याने ताशी आठ मैलांची मोठी गाडी दाखवली आणि ‘लायसन्स नको, परीक्षा नको, दहा मिनिटांत शिकाल’ असे सांगितले. वडिलांचे म्हणणे असे की चाळीस वर्षे पुण्यात बजाज चालवली, मला काय शिकवता? आणि आपल्याला प्रश्न पडला आहे की कायद्याने खरोखरच कोणतेही प्रशिक्षण सक्तीचे नाही का, आणि नसेल तर ते सुरक्षित चालवू शकतात हे ओळखायचे कसे.

मी व्यवसायोपचार तज्ज्ञ, म्हणजे इथल्या भाषेत ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. शिक्षण मुंबईत झाले, पण कामाची बहुतेक वर्षे इंग्लंडमध्ये गेली आणि त्यातली बरीचशी चाकाच्या खुर्च्या आणि स्कूटर यांच्या तपासणीत. तेव्हा कायद्याचा भाग थोडक्यात आटोपून प्रत्यक्ष तपासणी आणि सरावाविषयी अधिक लिहिते.

विक्रेत्याने सांगितले ते कायद्याच्या दृष्टीने खरे आहे. ग्रेट ब्रिटनमध्ये या गाड्या १९८८ च्या नियमांनुसार ‘इनव्हॅलिड कॅरेज’ या काहीशा जुनाट नावाखाली येतात. दुसऱ्या वर्गातली गाडी ताशी चार मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे साडेसहा किलोमीटर वेगाने जाते आणि ती फूटपाथसाठी असते. फूटपाथ नसेल किंवा रस्ता ओलांडायचा असेल तेव्हाच ती रस्त्यावर यावी. तिसऱ्या वर्गातली गाडी रस्त्यावर ताशी आठ मैल, म्हणजे जवळजवळ तेरा किलोमीटर वेगाने जाऊ शकते, मात्र फूटपाथवर तिलाही चार मैलांचीच मर्यादा आहे आणि त्यासाठी वेग मर्यादित करणारे बटण गाडीवर असावे लागते. तिसऱ्या वर्गाच्या गाडीला दिवे, इंडिकेटर, हॉर्न आणि आरसा लागतो, तिची डीव्हीएलए या सरकारी वाहन-नोंदणी संस्थेकडे नोंदणी करावी लागते आणि चालवणाऱ्याचे वय किमान १४ असावे लागते. ही नोंदणी गाडीची होते, चालकाची नव्हे. चालकाला लायसन्स नाही, परीक्षा नाही, वैद्यकीय दाखला नाही, विमाही सक्तीचा नाही. नजरेबाबतसुद्धा सक्ती नसून फक्त शिफारस आहे: मोटारीची नंबरप्लेट १२.३ मीटरांवरून वाचता यावी.

म्हणजे अपंगत्व किंवा आजारपण असलेल्या माणसाला घराबाहेर पडण्याचा हक्क कोणतीही परीक्षा आड न येता मिळावा, अशी कायद्याची भूमिका आहे, आणि खरे सांगायचे तर तिला माझा विरोध नाही. सक्तीची परीक्षा आली असती तर माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कित्येक जण तिच्या नुसत्या धास्तीने घरी बसले असते. पण सक्ती नाही याचा अर्थ गरज नाही असा होत नाही. सक्ती नसल्यामुळे ती जबाबदारी विक्रेता, कुटुंब आणि स्वतः चालक यांच्यात विखुरली जाते, आणि विखुरलेली जबाबदारी बहुधा कोणीच उचलत नाही. याच देशातला एक विरोधाभास पाहा. एनएचएस या सरकारी आरोग्ययंत्रणेच्या व्हीलचेअर सेवेकडून घराबाहेर वापरायची विजेवरची खुर्ची हवी असेल, तर नजर, फिट येण्याचा इतिहास, आकलन आणि प्रत्यक्ष चालवणे हे सारे तपासल्याशिवाय ती सहसा हाती पडत नाही. ही सेवा स्कूटर मात्र सहसा देत नाही, त्यामुळे लोक ती स्वतःच्या पैशाने विकत घेतात. परिणाम असा, की एकच माणूस खुर्चीच्या तपासणीत उत्तीर्ण झाला नाही, तरी दुसऱ्या दिवशी दुकानातून तिच्यापेक्षा वजनदार आणि दुप्पट वेगाची स्कूटर घेऊन बाहेर पडू शकतो.

तेव्हा आपला खरा प्रश्न ‘प्रमाणपत्र कोणते घ्यावे’ हा नसून ‘हा माणूस, ही गाडी आणि हा रस्ता एकमेकांना जुळतात का’ हा आहे. या तिन्हींपैकी एक बदलले की उत्तर बदलते, म्हणून मी बाबांना न पाहता ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगू शकत नाही आणि कोणी सांगितले तर आपणही त्यावर विसंबू नये. काय काय पाहावे लागेल, ते मात्र सांगता येते.

डावी बाजू कमजोर आहे याचा अर्थ झटका बहुधा मेंदूच्या उजव्या भागाला बसला असावा, आणि तिथे हाताच्या ताकदीपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटते. अशा काही रुग्णांमध्ये डोळे निरोगी असूनही डाव्या बाजूच्या जगाकडे लक्षच जात नाही. वैद्यकीय भाषेत याला ‘नेग्लेक्ट’ म्हणतात. डाव्या बाजूचे दृष्टिक्षेत्र गमावणे ही वेगळी गोष्ट. त्यात माणसाला निदान आपल्याला दिसत नाही याची जाणीव होऊ शकते आणि मान वळवून तो भरपाई करायला शिकतो. नेग्लेक्टमध्ये काही चुकते आहे हेच मनाला पटत नाही. निदान करणे हे आपले काम नव्हे, पण घरी बसल्या बसल्या काही गोष्टी टिपता येतात. आपल्या मराठी ताटात मीठ, लिंबू, चटणी आणि कोशिंबीर डावीकडे वाढतात. जेवण झाल्यावर भाजी-आमटी संपलेली आणि डावी बाजू जशीच्या तशी, असे वारंवार होत असेल आणि ताट फिरवून ठेवल्यावर ते ‘अरे, कोशिंबीर केव्हा वाढलीस’ असे विचारत असतील, तर ती माहिती तपासणाऱ्याला जरूर द्या. डाव्या गालाची दाढी अर्धवट राहणे, डावी बाही घालायची राहून जाणे, दारातून जाताना डावा खांदा आपटणे ही त्याच प्रकारची चिन्हे आहेत. यांपैकी काहीच नसेल तर उत्तम; तरीही तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे, कारण सौम्य नेग्लेक्ट घरातल्या ओळखीच्या जागेत झाकला जातो आणि गजबजलेल्या फूटपाथवर उघड होतो.

निवृत्त शिक्षक असलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले होते, त्यांची आठवण मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते. बोलण्यात चतुर, स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली, रिकाम्या हॉलमध्ये त्यांनी स्कूटर अगदी सफाईने फिरवली. मग मी त्यांना आमच्या मार्गिकेतल्या तीन दारांतून जायला सांगितले. तिन्ही दारांच्या डाव्या चौकटीला गाडीचा मागचा कोपरा घासला, तिसऱ्या वेळी तर लाकडाचा ढलपा निघाला, आणि शेवटी थांबल्यावर ते प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, ‘झाले ना ठीक?’ त्यांचा हेतू फसवण्याचा मुळीच नव्हता. त्यांच्या अनुभवात ती टक्कर घडलीच नव्हती. अशा माणसाला ‘डावीकडे बघत जा’ असे सांगून भागत नाही. त्यांच्या बाबतीत आम्ही स्कूटरचा नाद सोडला आणि सोबत कोणीतरी नियंत्रण हाती घेऊ शकेल अशी विजेवरची खुर्ची सुचवली. सहा महिने त्यांचा माझ्यावर राग होता.

गाडीच्या निवडीबद्दलही इथेच बोलते. स्कूटरचे स्टिअरिंग म्हणजे पुढे उभा असलेला दांडा आणि त्यावरचे हँडल. ते पूर्ण वळवायला दोन्ही खांदे आणि बसल्या जागी तोल सावरण्याची ताकद लागते. एका हाताने सरळ रस्त्यावर कोणीही जाईल, पण दुकानातल्या अरुंद वाटेत पूर्ण वळण घेताना कमजोर हात मागे राहतो आणि सगळे धड त्या बाजूला ओढले जाते. शिवाय बहुतेक गाड्यांत उजवा लिव्हर पुढे जाण्यासाठी आणि डावा मागे येण्यासाठी असतो. हा एकच आडवा लिव्हर मध्यावर फिरत असल्याने उजव्या हाताने उलट्या दिशेने ढकलूनही गाडी मागे घेता येते, पण ते मुद्दाम शिकवावे लागते. बऱ्याच मॉडेलांत तंत्रज्ञाकडून दिशा बदलूनही मिळते. बाबांच्या डाव्या हाताची पकड फारच कमी असेल, तर जॉयस्टिकवर चालणारी खुर्ची अधिक योग्य ठरू शकते. ‘खुर्ची’ हा शब्द ऐकल्यावर वडीलधाऱ्यांचा चेहरा उतरतो हे मला ठाऊक आहे. तरीही एकदा दोन्ही चालवून पाहू द्या. अनेकांचे मत आपोआप बदलते.

आठ मैलांच्या गाडीविषयी माझे मत स्पष्ट आहे: पहिली गाडी म्हणून ती नको. ताशी चार मैल म्हणजे सेकंदाला सुमारे १.८ मीटर. समोर मूल आले हे ध्यानात येऊन हात सुटायला दीड सेकंद लागला असे धरले, तर तेवढ्यात गाडी २.७ मीटर पुढे गेलेली असते. आठ मैलांना हेच अंतर ५.४ मीटर होते, आणि थांबायला लागणारे अंतर त्यापुढे वेगळेच. तिसऱ्या वर्गातल्या गाडीचे रिकामे वजन १५० किलोपर्यंत असू शकते. त्यावर माणूस बसला की सव्वादोनशे किलोंचा ऐवज झाला. आपण सांगितलेली तिन्ही ठिकाणे फूटपाथने जोडलेली असतील, तर तिथे चार मैलांच्या वर जाताच येणार नाही, मग आठ मैलांची किंमत कशासाठी मोजायची? मात्र मित्राच्या घराच्या वाटेवर फूटपाथ मध्येच संपत असेल किंवा मोठा चढ असेल, तर मोठी चाके, दिवे आणि दमदार मोटार यांचा खरा उपयोग असतो. तसे असेल तर तिसऱ्या वर्गाची गाडी घेऊन पहिले काही महिने ती चार मैलांच्या बटणावरच चालवावी.

आता चाळीस वर्षांच्या बजाजविषयी. या अनुभवाला मी नावे ठेवणार नाही, कारण वाहतुकीचे भान, अंतराचा अंदाज आणि दुसरा काय करील याची अटकळ या गोष्टी त्या चाळीस वर्षांनी दिलेल्या असतात आणि त्या कोणत्याही अभ्यासक्रमात इतक्या चांगल्या शिकवता येत नाहीत. अडचण हाताला लागलेल्या सवयींची आहे. दुचाकीवर संकट आले की उजव्या हाताची बोटे आवळली जातात, कारण तिथे पुढचा ब्रेक असतो, आणि पाय मागच्या ब्रेकवर जातो. मोबिलिटी स्कूटरवर नेमके उलटे आहे. तिथे लिव्हर दाबला की गाडी चालते आणि सोडला की थांबते. लिव्हर सुटताच मोटारच गाडीचा वेग उतरवते आणि थांबल्यावर विद्युतचुंबकीय ब्रेक आपोआप लागतो. काही मोठ्या गाड्यांना हाताचा ब्रेक असतो, पण थांबण्याची मूळ क्रिया हात सोडणे हीच. घाबरलेला माणूस मात्र सोडत नाही, घट्ट धरतो. घट्ट धरले की गाडी आणखी जोरात पुढे जाते, त्याने माणूस आणखी घाबरतो आणि आणखी घट्ट धरतो. दुकानाच्या मांडणीत किंवा बागेच्या कुंपणात स्कूटर घुसल्याच्या ज्या हकिगती मी चालकांच्या तोंडून ऐकल्या आहेत, त्यांतल्या पुष्कळांमध्ये ‘ब्रेक लागलाच नाही हो’ हे वाक्य असते. ब्रेक बिघडलेला नसतो, लिव्हर सोडलेला नसतो.

म्हणून माझ्या प्रशिक्षणातला पहिला तास गाडी चालवण्याचा नसून सोडण्याचा असतो. वेगाच्या गोल बटणावर एका टोकाला कासव आणि दुसऱ्या टोकाला ससा काढलेला असतो. बटण कासवावर ठेवायचे, दहा पावले जायचे आणि मी ‘सोडा’ म्हटले की दोन्ही हातांची बोटे उघडायची. पन्नास-साठ वेळा. मग मी शब्द न उच्चारता बाजूने चेंडू सोडते. मग त्यांच्याशी गप्पा मारता मारता चेंडू सोडते. ज्या दिवशी गप्पांच्या ओघात, काहीही न ठरवता बोटे उघडतात, त्या दिवशी चाळीस वर्षांची सवय थोडी तरी मागे हटली असे मी धरते. कोणाला हे पहिल्याच तासात साधते, कोणाला चार बैठका लागतात, आणि मेंदूच्या दुखापतीनंतर काहींना ते कधीच खात्रीलायकपणे साधत नाही. वाहन चालवलेच नव्हते अशा आजीबाई या धड्यात बजाजवाल्यांच्या पुढे निघून जातात, हे बाबांना सांगायला हरकत नाही.

दुचाकीच्या आणखी दोन सवयी आडव्या येतात. वळताना दुचाकी झुकते, ही झुकत नाही. वेगात वळले तर ती आतले चाक उचलते, आणि तीन चाकांची असेल तर लवकर उचलते. म्हणून वळणाआधी वेग उतरवायचा आणि बाबांच्यासाठी चारच चाके घ्यायची. दुसरी सवय नातवंडाला पुढे उभे करण्याची. आपल्याकडे बजाजच्या पुढच्या जागेत उभे राहून वाढलेली एक पिढीच आहे, आणि आजोबांना तो मोह होणारच. पण ही गाडी एकाच माणसासाठी बनवलेली असते, आणि पुढे उभ्या राहिलेल्या मुलाचा हात सगळ्यात आधी जातो तो लिव्हरवर.

अपघात चालवतानाच होतात असे नाही, चढता-उतरतानाही होतात. किल्ली चालू ठेवून उठताना कोटाची बाही लिव्हरमध्ये अडकते, किंवा आधारासाठी हँडल धरले जाते, आणि गाडी माणसासकट हलते. आधी किल्ली बंद, मग आसन वळवून कुलूपबंद, मग उठणे, हा क्रम अंगवळणी पडला पाहिजे. चालत्या गाडीत किल्ली बंद करायची नाही, कारण मग ब्रेक झटक्याने बसतो. हँडलला पिशव्या लटकवायच्या नाहीत. मफलर, शाल, ओढणी आणि पदर खोचूनच बसायचे. साताऱ्याच्या एका मावशींचा पदर मी स्वतः मागच्या चाकातून सोडवला आहे, सुदैवाने गाडी कासवावर होती. आणि गाडी ढकलून नेता यावी म्हणून मागे एक फ्रीव्हीलचा दांडा असतो, तो सोडवलेल्या स्थितीत असताना मोटारीचा ब्रेक सुटलेला असतो, हे घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा. उतारावर तो कधीही हलवायचा नाही.

रिकाम्या जागेतला सराव पक्का झाल्यावर फूटपाथची कड येते, आणि इथे मी सर्वाधिक वेळ देते. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत चार-पाच सेंटिमीटरांपेक्षा उंच कड चढू नये असे लिहिलेले असते, तर इथल्या रस्त्यांची नेहमीची कड दहा सेंटिमीटर किंवा त्याहून उंच असते. म्हणजे जिथे कड उतरती केलेली आहे तिथूनच चढ-उतार करायचा, आणि तोही काटकोनात. तिरके गेले की एक पुढचे चाक वर, दुसरे खाली आणि माणसाचे वजन खालच्या बाजूला, अशी स्थिती होते. पक्षाघात झालेल्या बाजूला गाडी कलली तर शरीर स्वतःला सावरू शकत नाही. मी खडूने रेघ काढते आणि दोन्ही पुढची चाके एकदम तिला टेकली पाहिजेत असा नियम घालते. एकच चाक आधी टेकले तर पुन्हा मागे. कंटाळवाणे आहे, पण काटकोन डोळ्यांनी नव्हे तर गाडीच्या धक्क्यावरून ओळखू येऊ लागला की पुढे चिंता उरत नाही.

त्यानंतर खरा रस्ता. सराव कोणत्याही सोयीच्या रस्त्यावर न करता बाबा जिथे जाणार आहेत त्याच वाटेवर करावा. आधी आपण स्वतः ती वाट चालून पाहा. कोणत्या कोपऱ्यावर उतरती कड एका बाजूला आहे आणि समोर नाही? कचऱ्याचे डबे कोणत्या वारी बाहेर येतात आणि तेव्हा स्कूटरला जागा उरते का? शाळा किती वाजता सुटते? सर्वांत धोक्याची जागा मला मोठा चौक वाटत नाही, घरासमोरून उलटी बाहेर येणारी मोटार वाटते. स्कूटरवर बसलेला माणूस उभ्या माणसापेक्षा ठेंगणा असतो, उभ्या केलेल्या व्हॅनच्या आड तो संपूर्ण झाकला जातो, आणि पादचाऱ्याच्या वेगाची सवय असलेला मोटारचालक तेवढ्या लवकर कोणी येईल अशी अपेक्षा करत नाही. म्हणून उंच झेंडी लावावी, उजळ कपडे घालावेत आणि घरांतून मोटार बाहेर येण्याच्या प्रत्येक वाटेशी वेग कमी करावा. फूटपाथवर पहिला मान पादचाऱ्याचा, हेही इथल्या हायवे कोड या वाहतूक नियमांच्या पुस्तिकेत स्पष्ट आहे. हॉर्न वाजवून वाट मागण्याची आपली पद्धत इथे उद्धट समजली जाते, तिथे ‘एक्स्क्यूज मी’ म्हणून थांबावे.

एक चूक माझीही सांगते. सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गृहस्थांना मी जूनमध्ये तयार केले, सगळ्या कसोट्या त्यांनी उत्तम पार केल्या आणि मी समाधानाने नाव यादीतून काढले. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या पत्नीचा फोन आला की ते वाटेत झुडपात गेले आणि वर बॅटरीही संपली. जाड हातमोज्यांमुळे लिव्हर किती दाबला गेला आहे हे त्यांना कळत नव्हते, दुपारी चारलाच अंधारले होते, फरशीवर ओली पाने होती, आणि थंडीत बॅटरीची धाव घटते हे मी त्यांना सांगितलेच नव्हते. जूनमध्ये सिद्ध झालेली क्षमता जूनपुरती होती. तेव्हापासून मी हिवाळ्याच्या तोंडावर दुसरी बैठक घेतल्याशिवाय काम संपले असे म्हणत नाही. पुस्तिकेत दिलेल्या अंतराच्या निम्म्यापर्यंतच जायचे आणि प्रत्येक मोठ्या फेरीनंतर रात्री पूर्ण चार्ज करायचे, हा साधा हिशेबही तेव्हापासून पहिल्याच दिवशी लिहून देते. चार्जिंग इमारतीच्या सामाईक जिन्यात किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर करायचे नाही. आग लागली तर तीच सर्वांची सुटकेची वाट असते.

हे सगळे कोणाकडून करून घ्यावे? देशभर ‘ड्रायव्हिंग मोबिलिटी’ या जाळ्याखाली केंद्रे आहेत. मोटारचालकांच्या तपासणीसाठी ती प्रसिद्ध असली तरी त्यांतली अनेक केंद्रे स्कूटर आणि विजेवरच्या खुर्च्यांचीही तपासणी करतात. शुल्क केंद्रानुसार बदलते, फोन करून विचारावे. शहरातल्या बाजारपेठेत ‘शॉपमोबिलिटी’ असेल तर तिथे स्कूटर तासांवर भाड्याने मिळते आणि आधी थोडे शिकवतातही. विकत घेण्यापूर्वी दोन-तीनदा अशी भाड्याने चालवून पाहण्यासारखा स्वस्त सल्ला दुसरा नाही. काही ठिकाणी काउन्सिलचे रस्ता सुरक्षा पथक किंवा पोलीस मोफत वर्ग घेतात. विक्रेता निवडताना तो ब्रिटिश हेल्थकेअर ट्रेड्स असोसिएशन या व्यावसायिकांच्या संघटनेचा सदस्य आहे का पाहा, आणि दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर नव्हे तर घरी येऊन प्रात्यक्षिक देतो का ते विचारा.

एक जागा अशी आहे जिथे क्षमतेची अट प्रत्यक्षात घातली जाते, आणि ती म्हणजे बस. बस कंपन्यांच्या संघटनेच्या आचारसंहितेनुसार दुसऱ्या वर्गातली, ६० सेंटिमीटरांपेक्षा जास्त रुंद आणि एक मीटरपेक्षा जास्त लांब नसलेली स्कूटरच बसमध्ये घेतली जाते, आणि ती पाळणाऱ्या कंपन्या चढणे, आत वळणे आणि जागेवर लावणे हे पाहून परवाना देतात. रेल्वे कंपन्यांचे मापाचे आणि परवान्याचे नियम वेगवेगळे आहेत. बाबांना बसने जायचे नसले तरी ही चाचणी मागून घ्या, असे मी सुचवीन. अरुंद जागेत, लोकांच्या नजरा अंगावर असताना, मागे घेत गाडी लावता येणे ही चांगली कसोटी आहे, आणि हातात आलेले कार्ड पाहून बजाजवाल्यांचा स्वाभिमानही सुखावतो.

आतापर्यंतचे एवढेच: कायदा काही मागत नाही, म्हणून आपण मागायचे; आधी नजर आणि लक्ष तपासायचे, मग गाडी निवडायची, मग सोडणे, कड आणि नेहमीची वाट या क्रमाने शिकायचे, आणि हिवाळ्यापूर्वी पुन्हा पाहायचे. तयार झाले हे मी कशावरून ओळखते, असेही आपण विचारले आहे. चूक न होण्यावरून नव्हे. चूक झाल्यावर ती स्वतःच्या ध्यानात येते का, आणि पुढच्या वेळी माणूस काही बदलतो का, यावरून. कडेला एक चाक आधी टेकले आणि मी काही बोलण्याआधी बाबा स्वतःच मागे आले, तर मी निश्चिंत होते. दहा चुका करून दहाही ओळखणारा माणूस दोन चुका करून एकही न ओळखणाऱ्यापेक्षा मला सुरक्षित वाटतो. औषध बदलले, पुन्हा भोवळ आली, नवा चष्मा लागला, गाडीवर नवे ओरखडे दिसू लागले आणि ते कसे आले हे त्यांना सांगता येईना, तर पुन्हा तपासणी करायची, हे आजच, सगळे मजेत असताना ठरवून ठेवा. नंतर मुलाने सांगितलेले वडिलांना अपमानासारखे लागते. आधी दोघांनी मिळून ठरवलेले तेवढे लागत नाही.

विमा सक्तीचा नसला तरी घ्या, कारण कोणाच्या पायावरून चाक गेले तर भरपाई खिशातून द्यावी लागेल. आणि गाडीची आगाऊ रक्कम भरण्याआधी तपासणीची वेळ घ्या. त्या दिवशी सोबत बाबांचा रोजचा चष्मा, औषधांची यादी, रुग्णालयातून घरी सोडतानाचे पत्र, ते नेहमी घालतात ते बूट, जाड कोट आणि हिवाळ्यातले हातमोजे न्या. तपासणीच्या वेळी आपण शक्यतो दाराबाहेर थांबा; मुलगा बघतो आहे म्हटल्यावर वडील वेग सशावर नेतात, हे मी फार वेळा पाहिले आहे.